उजव्या लेनमधल्या हळू गाडीकडं साईड मागायची कशी? डिपर, हॉर्न की गपचूप डावीकडून?

नव्या_गाडीचा_जुना_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे पण परवा रविवारी जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथं टाकतोय. वाशीला आत्याकडं साखरपुडा होता, तो उरकून पुण्याला परत येत होतो. गाडीत मी, बायको, मागं झोपलेली पोरगी आणि माझ्या शेजारच्या सीटवर अप्पा, वय ७४, स्वतः चाळीस वर्षं गाडी चालवलेली त्यामुळे माझ्या प्रत्येक गिअरवर त्यांचं काहीतरी मत असतंच.

चार-सव्वाचार वाजले असतील. माडपचा बोगदा मागं गेला, खालापूरचा टोल अजून यायचा होता, रस्ता बऱ्यापैकी मोकळा आणि उजव्या लेनमध्ये एक पांढरी सेडान ७०-७२ नं निवांत चाललेली. सगळ्यात डावीकडं ट्रकांची माळ, मधली लेन बऱ्यापैकी रिकामी. मी मागं गेलो, थांबलो, काही नाही. एकदा डिपर दिला, काही नाही. मग दोनदा दिला, मग हॉर्न वाजवला, तर साहेबांनी काय करावं, कचकन ब्रेक मारला! पुढं कोणी नाही काही नाही, नुसता मला धडा शिकवायला. माझा पण पाय ब्रेकवर गेला, अप्पांचा हात डॅशबोर्डवर, पोरगी उठून रडायला लागली. मग मी मधल्या लेनमधून डावीकडून काढली गाडी, तर हा बाबा टोलपर्यंत माझ्या मागं अप्पर टाकून. आणि पुढं फूड मॉलला बरोब्बर शेजारी गाडी लावून खाली उतरला, "लाईट कुणाला मारतो रे, दिसत नाही का फॅमिली आहे गाडीत?" म्हणे. अरे, माझ्या गाडीत काय पोती होती का!

वडापावच्या काउंटरपाशी दहा मिनिटं तमाशा झाला, शेवटी बायकोनं मला ओढून नेलं. गाडीत बसल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "चूक तुझी पण आहे." काय चूक ते सांगितलं नाही आणि कामशेतचा बोगदा येईपर्यंत झोपून गेले.

तर प्रश्न असा की सभ्य माणसानं पुढच्याला "बाबा रे, मला पुढं जायचंय, जरा डावीकडं हो" हे सांगायचं कसं? डिपर दिला तर शिवी दिल्यासारखं वाटतं लोकांना, हॉर्न वाजवला तर भांडण होतं, डावीकडून काढली तर नियम मोडला. मग करायचं काय, पुण्यापर्यंत ७० नं त्याच्या मागं भजन म्हणत यायचं का?

चांदणी_चौकात_अडकलेला

हो, भजनच म्हणायचं. टाळ गाडीत ठेवत जा.

गंमत सोडा, पण यात त्या माणसाला आपण चुकतोय असं खरंच वाटत नसणार हे लक्षात घ्या. मी गाडी शिकलो तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? "नवीन आहेस ना, मग डिव्हायडर धरून चालव, डावीकडं रिक्षा, हातगाड्या, दार उघडणारे, उलटे येणारे सगळे असतात, डिव्हायडरमधून कोणी येत नाही." कर्वे रोडला हा सल्ला सोन्यासारखा आहे. पण तोच माणूस तीच सवय घेऊन एक्सप्रेसवेला जातो आणि उजव्या लेनमध्ये ठाण मांडतो. त्याच्या लेखी ती ओव्हरटेकची लेन नाहीच, ती "माझ्या वाट्याला कोणी जाऊ नये" लेन आहे. त्याच्या मागं जाऊन तुम्ही दिवे मारले की त्याला वाटतं, मी कोणाच्या अध्यात ना मध्यात, हा का पेटलाय माझ्यावर.

वकिलीण_बाई

आधी नियमाचं सांगते मग भांडा. १९८९ चे जे रूल्स ऑफ द रोड होते त्यांच्या जागी २०१७ पासून मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले, पण गाभा तोच आहे. गाडी शक्य तितकी डावीकडून चालवायची, ओव्हरटेक उजवीकडून करायचं, आणि तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही किंवा त्याला अडवायचं नाही. हे शेवटचं तर लोकांना माहितीच नसतं, आपल्याकडं कोणी शेजारून निघाला की पाय आपोआप ॲक्सिलेटरवर जातो. म्हणजे सेडानवाला उजवी लेन अडवून बसला हे चूकच. आणि कारण नसताना एकदम ब्रेक मारायचा नाही असाही स्पष्ट नियम आहे, सुरक्षेसाठी गरज असेल तरच. मागची गाडी येऊन आदळली असती तर "मी त्याला धडा शिकवत होतो" हे कोर्टात सांगून बघा म्हणावं.

आता तुमच्याकडं वळते. हॉर्न विनाकारण किंवा सारखा वाजवला तर १९४ एफ कलमाखाली पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० दंड आहे. एकदा वाजवला त्याला कोणी काही म्हणणार नाही, पण "वाजवला" म्हणजे किती वेळा ते तुमचं तुम्हालाच माहीत.

आणि एक गंमत सांगते, त्या जुन्या १९८९ च्या नियमांत हाताचे पाच इशारे दिलेले होते. हळू करतोय, थांबतोय, उजवीकडं वळतोय, डावीकडं वळतोय हे चार सगळ्यांना आठवतात, लायसनच्या परीक्षेला विचारायचे. पाचवा होता मागच्याला "ये, पुढं जा" म्हणायचा, उजवा हात बाहेर आडवा काढून मागून पुढं असा अर्धगोल फिरवायचा. म्हणजे साईड द्यायची खूण पुस्तकात होती. साईड मागायची मात्र त्या पाचांत नव्हती! तुमचे अप्पा कदाचित तेच म्हणत असतील, विचारा त्यांना.

बारा_टायर

नमस्कार साहेब. मी गाडीवर आहे चौदा वर्षं, आता स्वतःची बारा टायर आहे, पुणे मुंबई आणि कधी कधी हुबळी. मोबाईलवर टाईप करतोय चुकलं तर समजून घ्या.

तुमी लोकं डिपर डिपर करता पण डिपरचे अर्थ किती ते मोजा की. समोरून येणाऱ्यानं दिला तर "मी येतोय तू थांब". रात्री दिला तर "तुझा अप्पर खाली कर". गावापाशी दोनदा दिला तर "पुढं मामा उभे आहेत". आमच्यात एक अजून आहे, तुमी मला ओव्हरटेक केलं आणि तुमचं शेपूट माझ्या तोंडापासून सुटलं की मी एक बारीक डिपर देतो म्हणजे "निघालास, ये आता लेनला", मग पुढचा एकदा डावा एकदा उजवा इंडिकेटर मारतो म्हणजे "उपकार झाले". आता एकाच बटणात एवढे अर्थ भरल्यावर तुमच्या सेडानवाल्यानं कुठला घ्यायचा? त्यानं शिवी घेतली.

दुसरं म्हणजे दुपारी चारला तुमी पुण्याकडं तोंड करून चाललेला, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर आणि त्याच्या आरशात. तुमचा पहिला डिपर त्याला दिसलाच नसणार, काच नुसती चमकते त्या टायमाला. मला रोज होतं हे. दोनदा दिला तेव्हा दिसला असेल आणि लगेच हॉर्न, त्याला वाटलं आल्या आल्या अंगावर आला.

इंडिकेटरचं तर विचारूच नका. दोन पदरी रोडला मी डावा इंडिकेटर देऊन गाडी जरा डावीला ओढली म्हणजे "ये". उजवा दिला म्हणजे "थांब, पुढून गाडी आहे". पण बाहेरच्या गाड्या असतात त्यातले कितीतरी ड्रायव्हर उजवा देतात आणि त्याचा अर्थ "ये उजवीकडून" असा असतो. एकदम उलटा! आणि तिसरा खरंच उजवीकडं वळणार असतो, तो पण उजवाच देणार ना. म्हणून आमचे उस्ताद सांगायचे इंडिकेटर त्याचा, डोळे तुझे, जीव पण तुझाच. समोरचा रोड स्वतःला दिसल्याशिवाय निघायचं नाही. पूर्वी बरं होतं, क्लीनर असायचा गाडीत, तो डाव्या खिडकीतून हात काढून मागच्याला थांबव नाहीतर सोड असं करायचा, त्या हातात चूक नव्हती. आता क्लीनर परवडत नाही, बऱ्याच गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात.

आणि साहेब राग नका मानू, एक विचारतो. डिपर दिला तेव्हा तुमी त्याच्यापासून किती मागं होता?

नव्या_गाडीचा_जुना_ड्रायव्हर

@बारा_टायर दादा, उन्हाचं लक्षातच आलं नव्हतं, पटलं. अंतर म्हणाल तर चिकटून वगैरे नव्हतो, दोन-तीन गाड्या बसतील एवढं असेल.

ऐंशीवाली

मीच ती. म्हणजे ती सेडानवाली नाही, पण तुम्ही सगळे जिला शिव्या घालता ती उजव्या लेनमध्ये ८० नं जाणारी बाई मी आहे, त्यामुळे माझी पण बाजू ऐका.

मला उजव्या लेनमध्ये राहायची हौस नाही हो. दर पंधरा दिवसांनी पनवेलला आईकडं जाते, सोबत तीन वर्षांचा मुलगा. डाव्या लेनमध्ये गेलं की ट्रक ४० नं, आणि कुठं कोण कडेला बंद पडून उभा असेल त्याचा नेम नाही, मागं दोन दगड आणि एक झाडाची फांदी हेच त्यांचं रिफ्लेक्टर. मधल्या लेनमध्ये गेलं की डावीकडचा ट्रक अचानक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर येतो, इंडिकेटर आला तर नशीब. एकदा तर तळेगावच्या अलीकडं कंटेनर असा आला की मी अक्षरशः "अगं आई गं" म्हणून उजवीकडं गेले आणि पुढची वीस मिनिटं तिथून हललेच नाही. ते चूक आहे हे मला कळतं. पण पाय कापत असताना लेनची शिस्त आठवत नाही.

आणि मागून येणारे कसे येतात ते पण बघा ना. मी मधल्या लेनमध्ये जायला जागा बघत असते, डावा इंडिकेटर लावलेला असतो, तिथं ट्रक असतो म्हणून थांबलेली असते, तेवढ्या चार सेकंदांत मागून लखलख लखलख. मग काय करू, ट्रकच्या खाली जाऊ? माझा मुलगा मागं वळून सांगतो, "मम्मा, गाडी डोळे मिचकावते." त्याला मज्जा वाटते, माझे हात घामेजतात, आणि खरं सांगू का, अशा वेळी मी अजून हळू होते. मुद्दाम नाही, घाबरून. मागच्याला वाटतं बाई हट्टाला पेटली.

बाकी एक हिशोब करून बघितला. १० किलोमीटर ७० नं गेलात तर साडेआठ मिनिटं लागतात, १०० नं गेलात तर ६. अडीच मिनिटं वाचली असती तुमची. फूड मॉलचं भांडण दहा मिनिटं चाललं म्हणालात ना?

चांदणी_चौकात_अडकलेला

ऐंशीवाली ताई 😂 शेवटची ओळ फ्रेम करून उर्से टोलला लावली पाहिजे.

श्टुटगार्ट_रिटर्न

मी सहा वर्षं जर्मनीत होतो. (हो, आता सुरू होईल, पण ऐका.) तिथं गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात त्यामुळे ओव्हरटेकची लेन डावीकडं, म्हणजे आपलं सगळं आरशात बघितल्यासारखं. गंमत म्हणजे तिथं गावाबाहेर ओव्हरटेक करतोय हे कळवायला थोडक्यात दिवे मारणं किंवा हॉर्न देणं हे कायद्यात लिहिलेलं आहे, चालतं. पण तेच चिकटून मारले, सारखे मारले तर दमदाटी धरतात आणि लायसन जाऊ शकतं. म्हणजे दिवा तोच आहे, अंतर बदललं की कलम बदलतं. अंतराचा त्यांचा ठोकताळा पण सोपा आहे, स्पीडोमीटरवर जो आकडा त्याच्या निम्मे मीटर. १०० ला ५० मीटर. आणि आतल्या बाजूनं, म्हणजे आपल्या भाषेत डावीकडून ओव्हरटेक, एकदम वर्ज्य. त्यामुळे पुढच्याला बाजूला व्हावंच लागतं, नाहीतर मागं रांग लागते आणि सगळे त्याच्याकडं बघतात.

ट्रक ट्रकला ओव्हरटेक करतो त्याला ते हत्तींची शर्यत म्हणतात. आपल्याकडं पण तेच की. एक ७८ नं, दुसरा ८० नं. ताशी २ किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. दोन्ही ट्रकांची लांबी आणि मागचं पुढचं अंतर धरून ५० मीटर सरकायचे म्हटले तर दीड मिनिट, आणि तेवढ्या वेळात दोघं मिळून २ किलोमीटर रस्ता अडवून बसलेले.

बारा_टायर

हत्ती म्हणा काय पण म्हणा, पण आमच्या गाडीला वेगाचा गव्हर्नर बसवलेला असतो ८० चा, त्याच्या वर जातच नाही. मी ओव्हरटेकला निघालो आणि पुढं चढ लागला की ७५ होते, शेजारचा पण तेवढाच, आता मी मधेच अडकलो ना, पुढं जाता येईना मागं येता येईना. मागून कारवाले दिवे मारतात. मला दिसतं हो! पण लोडसकट तीस टनाच्या वर वजन आहे, तुमचे दिवे बघून ते हलकं होत नाही.

सदाशिवपेठी_काका

श्टुटगार्टचं श्टुटगार्टला ठेवा. इथं नवले पुलाच्या उतारावर या आणि ५० मीटर अंतर ठेवून दाखवा, त्या ५० मीटरमध्ये तीन दुचाक्या, एक टेम्पो आणि एक भेळेची गाडी येऊन बसेल.

त्यावरून आठवलं, कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथं मागून येणाऱ्या अवजड गाडीनं दिवे मारले, हॉर्न वाजवला, तर तिथं मात्र मान-अपमान काढत बसू नका. २०२२ च्या नोव्हेंबरात एका अवजड गाडीनं एकामागं एक बऱ्याच गाड्या ठोकल्या होत्या तिथं. काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात गाडी, मग ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. तिथला हॉर्न साईड मागायचा नसतो, "पळा" असा असतो. नियम काय ते वकिलीण बाईंना घरी जाऊन विचारा.

भिगवणकर

तुम्हा एक्सप्रेसवेवाल्यांचं बरं आहे, साईड मागायला पुढच्याला आरसा तरी असतो. सोलापूर रोडला सीझनमध्ये या. कारखाने सुरू झाले की दौंड, इंदापूर, बारामती सगळीकडं उसाचे ट्रॅक्टर, एकाला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवर दोन मोठ्ठे स्पीकर. डिपर द्या, हॉर्न द्या, फटाके वाजवा, त्याला काय ऐकू जात नाही. आरसा असला तरी त्यात ऊसच दिसतो. आमच्याकडं त्यामुळे एकच पद्धत, रात्री लांबून काळं काही दिसलं की पाय काढायचा, थोडं उजवीकडं सरकून पुढचं बघायचं, अप्पर-डिपर दोनदा करायचं ते ट्रॅक्टरसाठी नाही तर समोरून कोणी येत असेल त्याच्यासाठी, आणि मग शांतपणे काढायची. ट्रॉलीच्या मागं लाल कापड बांधलेलं दिसलं तर त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करायचा.

बाय द वे, ते चारही इंडिकेटर लावून चालणारे कोण असतात हो? पाऊस आला की लावतात, बोगदा आला की लावतात, चौकात सरळ जायचं असलं तरी लावतात. मागच्याला कळतच नाही हा उभा आहे का चाललाय, आणि लेन बदलली तर इंडिकेटर कुठला बघायचा, चारही लागलेत.

वकिलीण_बाई

@भिगवणकर अगदी! चारही इंडिकेटर म्हणजे "मी उभा आहे किंवा अडचणीत आहे". पुढं एकदम जॅम दिसला आणि करकचून थांबावं लागलं तर मागच्यांसाठी लावा, तेवढं ठीक, चालती गाडी पावसात असेल तर साधे हेडलाइट पुरे.

आणि काका, अवजडच कशाला, मागून ॲम्ब्युलन्स असेल तरी मान-अपमान बाजूलाच. तिला वाट दिली नाही तर १९४ ई खाली दंड १०,००० आहे. पण ॲम्ब्युलन्सच्या मागं चिकटून स्वतःची गाडी काढणारे जे महाभाग असतात त्यांच्यासाठी वेगळं कलम पाहिजे होतं.

बारा_टायर

@नव्या_गाडीचा_जुना_ड्रायव्हर साहेब, दोन-तीन गाड्यांचं अंतर म्हणाला तुमी. १०० च्या स्पीडला सेकंदाला २८ मीटर जातो आपण, ७० ला म्हणलं तरी १९-२०. तीन गाड्या म्हणजे बारा-तेरा मीटर. म्हणजे त्यानं ब्रेक मारल्यावर तुमच्या डोक्यापर्यंत बातमी जायच्या आधी तुमी त्याच्या डिकीत. कॅमेरा आहे का गाडीला? असला तर बघा. त्याची गाडी एखाद्या बोर्डापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायचं. तुमची गाडी तिथं यायच्या आत तीन म्हणून झाले पाहिजेत. आमच्या लोड गाडीला तर पाच.

अजून एक, डावीकडून काढली म्हणाला ना. चालतं लोकं करतात, मी पण केलंय. पण त्यात मेख काय आहे, तुमी पाच मिनिटं दिवे मारून मारून त्याला जागं केलेलं असतं, आणि तुमी कंटाळून डावीला शिरता त्याच टायमाला तो पण शहाणा होऊन साईड द्यायला डावीलाच येतो. म्हणजे तुमीच त्याला बोलावला आणि तुमीच तिथं उभे. दिवे दिल्यावर डावीनं काढायचीच असेल तर आधी मागं राहा, त्याच्या मनात काय आहे ते दिसू द्या.

नव्या_गाडीचा_जुना_ड्रायव्हर

उशीर झाला उत्तर द्यायला, कारण मधे कॅमेऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि मग दोन दिवस इथं यायची इच्छाच झाली नाही.

कबूल करतो. त्या क्लिपमध्ये डाव्या कडेला एक निळा बोर्ड आहे, सेडान तो ओलांडते तेव्हा कोपऱ्यात ४:११:०७ दिसतं आणि माझी गाडी ओलांडते तेव्हाही ४:११:०७ च. "एकशे एक" पण होत नाही पूर्ण, "एकशे"लाच मी तिथं. त्याच्या मागच्या काचेवरचं "आई-बाबांचा आशीर्वाद" स्पष्ट वाचता येतंय. आणि मी वर लिहिलं होतं की मागं गेलो, थांबलो, वाट बघितली. वाट बघितल्याचा वेळ मोजला, सहा सेकंद. सहा! मला शपथेवर विचारलं असतं तर मी दोन मिनिटं सांगितली असती. हॉर्न पण एकदा नाहीये, आवाज रेकॉर्ड होतो हे विसरलो होतो, चारदा आहे आणि चौथा चांगला लांबलचक आहे. मधे माझा आवाज पण आहे, तो इथं लिहिता येणार नाही, पोरगी मागं झोपलेली होती हे देवाचे उपकार.

त्यानं ब्रेक मारला ते चूकच, ते मी सोडत नाही. पण अप्पांना क्लिप दाखवली तर ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगणार होतो पण तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतास. दिवे मारायला ना नाही रे, पण तू आधी त्याच्या मानगुटीवर बसलास आणि मग नमस्कार केलास." आणि वकिलीण बाई, तो पाचवा हात मी विचारला त्यांना. लगेच जेवता जेवता करून दाखवला, आमटीची वाटी लवंडली. म्हणाले, वरंध घाटात समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबायचं असतं, तेव्हा चढणारा जाता जाता हात वर करायचा, आणि मागच्याला सोडायचं असलं की हा असा हात फिरवायचा, काच खालीच असायची ना कायम, एसी कुठं होता.

आता रिपोर्ट. शनिवारी मेणवलीला गेलो होतो, म्हणून मुद्दाम ट्राय केलं. शिरवळच्या अलीकडं उजव्या लेनला एक राखाडी हॅचबॅक, ७५ वगैरे. मी मागं राहिलो, बोर्ड धरून एकशे तीन म्हणून झाले, जरा डावीकडं लेनच्या कडेला सरकलो म्हणजे त्याच्या आरशात माझी गाडी अर्धी तरी बाहेर दिसेल, आणि एकच डिपर दिला. मग काही केलं नाही. बायको मोबाईलवर वेळ लावून बसली होती. पंधरा सेकंद, काही नाही. मधे एक एसयूव्ही आमच्या त्या अंतरात येऊन घुसली (काका, तुम्ही बरोबर होता), तिनं सहा-सात लखलखाटी डिपर मारले, डावीकडून कट मारून गेली. हॅचबॅक हलली नाही. मी पुन्हा अंतर पाडलं, पुन्हा एक डिपर. साधारण चाळीस सेकंदांनी डावा इंडिकेटर लागला, मधल्या लेनमधला टेम्पो पुढं जाऊ दिला त्यांनी आणि मग सावकाश डावीकडं झाले. म्हणजे बाई/बुवा टेम्पो जायची वाट बघत होते, ऐंशीवाली ताई म्हणाल्या तसंच. आत एक आजोबा होते, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट.

शेजारून जाताना अप्पांनी काच खाली केली, डावा हात बाहेर काढून त्यांना रामराम केला. आजोबांनी पण केला, मान हलवून, हात काही सोडला नाही स्टिअरिंगवरचा. पुढं खंबाटकी चढेपर्यंत अप्पा खुशीत. मग सुरूर फाट्याला मी जरा उशिरा इंडिकेटर दिला तर परत सुरू झाले, तुझं इंडिकेटर म्हणजे वळून झाल्यावर कळवलेलं असतं वगैरे.

ऐंशीवाली

चाळीस सेकंद थांबलात त्याबद्दल समस्त हळू मंडळींतर्फे धन्यवाद 🙏 मी पण या वेळी पनवेलला जाताना उजवीकडून मधल्या लेनमध्ये आले, तीनदा. चौथ्यांदा कंटेनर आला.

चांदणी_चौकात_अडकलेला

त्या कट मारून गेलेल्या एसयूव्हीचं पुढं काय झालं?

नव्या_गाडीचा_जुना_ड्रायव्हर

खंबाटकीच्या पायथ्याला ट्रकच्या मागं उभी होती, आमच्या पुढं दोन गाड्या सोडून.

बरं, आता दुसरा प्रश्न आहे, अप्पांना मागच्या सीटवर कसं बसवायचं? त्यांचा अपमान न करता. त्यासाठी वेगळा धागा काढू का इथंच चालेल?